शर्यतीची झेन, रत्नागिरीच्या शेडमध्ये: काटा, ओळंबा आणि तंगूस

कातळसडा

गेली तीन वर्षं ज्या गाडीबद्दल या फोरमवर तुकड्यातुकड्यात विचारत आलो, तिची आजवरची हकीकत एकत्र लिहितो. शेवटी दोन प्रश्न आहेत.

गाडी म्हणजे मारुतीची जुनी झेन. मूळ इंजिन ९९३ सीसीचं, आता आत एस्टीमचं १२९८ सीसीचं आहे. दोन्ही सुझुकीच्या जी मालिकेतली भावंडं, त्यामुळे माउंटिंगला फार झगडावं लागलं नाही. एस्टीम चिपळूणची. २२ जुलै २०२१च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी तिच्या छपरापर्यंत होतं. वायरिंग आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) गेले, सिलिंडरमध्ये गाळ बसला. पण पाणी ओसरल्यावर मालकाने चावी फिरवली नाही, आणि त्या एका शहाणपणामुळे कनेक्टिंग रॉड सरळ राहिले. इंजिन खोलून धुतलं, आंबा घाट चढून कोल्हापूरला उद्यमनगरात होनिंग करून आणलं, नव्या रिंगा आणि बेअरिंगं घातली.

आता मुद्द्याचं सांगतो. या इंजिनावर माझे सगळ्यात जास्त पैसे गेले आणि सगळ्यात कमी सेकंद हाती लागले.

गेल्या वर्षी जानेवारीत गाडी टेम्पोत घालून कोइंबतूरला नेली, कारी मोटर स्पीडवेवर. २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे. ज्यांनी मारुती ८०० चं इंजिन बसवून फॉर्म्युला मारुतीच्या एकासनी गाड्या बांधल्या आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलांना परवडणाऱ्या शर्यतीत बसवलं, त्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक. तिथे उभं राहिल्यावर आपली घरी बांधलेली गाडी योग्य जागी आली असं वाटलं. पण दिवसभरात १ मिनिट २७ सेकंदांच्या खाली काही मी आलो नाही. डाव्या वळणाला गाडी नाक बाहेर काढायची, स्टेअरिंग कितीही वळवा. उजव्या वळणाला तीच गाडी शेपूट सोडायची. टायर डावे-उजवे बदलून पाहिले, फरक शून्य.

घरी परतल्यावर चारही चाकांवरचं वजन मोजायचं ठरवलं, पण काटे मिळेपर्यंत जून उजाडला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मिरकरवाड्याच्या धक्क्यावरचे प्लॅटफॉर्म काटे रिकामे असतात. प्रत्येकी तीनशे किलोचे चार काटे मागून आणले. आधी एकच तांदळाची गोण चारही काट्यांवर ठेवून पाहिली. एक काटा सातशे ग्रॅम जास्त दाखवत होता, तेवढं वजा धरलं. शेडची जमीन सपाट दिसते पण नसते. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून चारही काटे एका पातळीत आणले, त्यातच अर्धा दिवस गेला. अँटी-रोल बारची (वळणात गाडीचा कल रोखणाऱ्या दांडीची) एक लिंक सोडली, टाकीत अर्धं पेट्रोल ठेवलं, माझ्या जागी सीटवर ५० आणि २० किलोच्या गोणी बांधल्या, आणि गाडी चारही कोपऱ्यांवर दाबून सोडली.

आकडे असे आले: पुढचं डावं १९८, पुढचं उजवं २५२, मागचं डावं १२६, मागचं उजवं ११४. एकूण ६९० किलो.

आता तिरपी बेरीज करा. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ३७८, तर उरलेली दोन मिळून ३१२. एक पाय आखूड असलेल्या चौरंगासारखी गाडी दोन तिरप्या पायांवर उभी होती. डाव्या वळणाला सगळा भार ज्या पुढच्या उजव्या चाकावर येतो, ते आधीच दबलेलं.

पुढच्या शॉकअपवर कोल्हापुरात लेथवर करून घेतलेल्या आटेवाल्या स्लीव्ह आहेत, मागे स्प्रिंगच्या वर स्क्रू आहे. ते फिरवत, दर वेळी गाडी दाबून, परत वजन करत दोन दिवस गेले. शेवटचे आकडे: २१४, २३६, ११०, १३०. तिरप्या बेरजा ३४६ आणि ३४४.

मग कँबर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि टो (वरून पाहता चाकाचं तोंड आत की बाहेर). रिमला टेकवून ३५० मिमी लांबीची सरळ पट्टी, तिच्या वरच्या टोकापासून ओळंबा. अडीच अंश निगेटिव्ह कँबर (चाकाचा माथा आत) म्हणजे पट्टीच्या खालच्या टोकाशी ओळंबा १५ मिमी दूर. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना, मध्यरेषेला समांतर, तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) ताणला.  रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून तंगूसापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजलं. चाकाखाली दोन-दोन गुळगुळीत फरश्या, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक अडकत नाही. पुढे प्रत्येक बाजूला १ मिमी टो-आउट (चाकाचं तोंड बाहेर) ठेवला.

डिसेंबरात परत कोइंबतूर. तेच इंजिन, तेच टायर, मीच चालवणारा. १ मिनिट २३.

प्रश्न पहिला: पुढच्या डाव्या टायरचं तापमान टायरात टोचायच्या सुईने मोजलं. बाहेरच्या कडेला ८८ अंश, मध्ये ८०, आत ७६. आता काय बदलू? प्रश्न दुसरा: पावसाळ्यात हिला गंजापासून कसं वाचवू? शेड समुद्रापासून चारशे मीटरवर आहे.

वाशिष्ठीकाठ

पुराच्या ओळीपाशी थांबलो. आमच्या गल्लीतल्या अकरा गाड्या गेल्या होत्या. त्यातल्या एकीचं इंजिन आज शर्यतीत धावतंय हे वाचून फार बरं वाटलं.

गंजाबद्दल, त्या पुरानंतर पत्र्याचं पुष्कळ काम केलं म्हणून सांगतो. दिसतो तो गंज कधीच मुख्य नसतो. झेनमध्ये सील बॉक्सच्या (दरवाजांखालच्या पोकळ पेटीच्या) पोटात, पुढच्या शॉकअपच्या टॉवरच्या शिवणीत आणि स्टेपनीच्या खळग्यात बघा. सील बॉक्सला खालून पाणी जायची भोकं असतात. अंडरकोटिंग मारणारे ती बुजवून टाकतात आणि मग पत्रा आतून कुजतो. तारेने मोकळी करा. गोड्या पाण्याने धुवून, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून मगच आत मेणाचा फवारा मारायचा. आता मे संपत आलाय, दिवस थोडे आहेत.

आणि जुनं इंजिन ऑइल खालून मारायची आपल्याकडे पद्धत आहे, ती या गाडीला नको. सस्पेन्शनचे रबरी बुश तेलाने फुगतात. एवढ्या कष्टाने मोजलेला टो बुश सैल पडला की गेला.

देवगडचो पानो

माका एक विचारूचा आसा. आमच्या ट्रॉलराक पाण्याखाली जस्ताची वडी लावतत, ती झिजता आणि लोखंड वाचता. तशी वडी गाडयेक लावली तर गंज थांबात काय?

कातळसडा

पानो भाऊ, हाच विचार माझ्याही डोक्यात आला होता आणि मी ट्रॉलरच्या इंजिनवाल्या एका जाणत्या मिस्त्रींना विचारलं. होडीला वडी चालते कारण वडी आणि लोखंड दोन्ही एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेली असतात. पाण्यातून विजेचं वर्तुळ पूर्ण होतं आणि लोखंडाऐवजी जस्त झिजतं. गाडी हवेत उभी. मागच्या बंपरला लावलेली वडी पुढच्या टॉवरला काही देत नाही. पत्र्याला चिकटून जस्त असेल तरच उपयोग, म्हणजे जस्ताची भर असलेला प्रायमर. तो मी उघड्या पत्र्यावर दोन हात मारलाय.

याच कारणाने एक चूक घडली तीही सांगतो. खालची ॲल्युमिनियमची शीट मी स्टीलच्या बोल्टने थेट बसवली होती. एका पावसाळ्यात प्रत्येक बोल्टभोवती पांढरी भुकटी आणि भोकं मोठी झालेली. खारट ओलाव्यात दोन वेगळे धातू टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आता मध्ये नायलॉनचे वॉशर आहेत.

उद्यमनगर

तुमच्या आकड्यांची बेरीज करून बघितली. पुढचं एकूण आधीही ४५०, नंतरही ४५०. डावी बाजू आधी ३२४, नंतर ३२४. म्हणजे वजन बरोबर केलंय. स्क्रू फिरवून फक्त तिरपा भार बदलतो. पुढचं-मागचं किंवा डावं-उजवं बदलायचं तर वस्तूच उचलून दुसरीकडे ठेवायला लागते. पहिल्यांदा करणारे इथंच फसतात, चारही कोपरे सारखे करायला बघतात आणि दिवसभर आटे फिरवत बसतात. बॅटरी अजून पुढंच आहे का? ती मागच्या डाव्या कोपऱ्यात न्या, दहा-बारा किलो फुकट सरकतील.

टायरचं तापमान: बाहेरची कड बारा अंशांनी जास्त म्हणजे वळणात टायर बाहेरच्या कडेवर चालतोय. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (झेनचं पुढचं सस्पेन्शन याच प्रकारचं) गाडी कलली की कँबर पुरेसा वाढत नाही, ही त्याची खोड. दोन उपाय आहेत. गाडी उभी असतानाचा कँबर तीन-सव्वातीन अंशांवर न्या, आणि मागचा अँटी-रोल बार जाड करा. ६५ टक्के वजन पुढं असलेल्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा भाग कडक केला की कल कमी होतो, आणि वळणात आतलं पुढचं चाक जमिनीवर दाबून राहतं. साधा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) असेल तर वळणातून निघताना तेच चाक नुसतं गरागरा फिरतं, बरोबर ना? तेही कमी होईल. पण एका वेळी एकच बदल करा आणि परत सुई लावा. आत-बाहेर फरक पाच-सहा अंशांवर आला, आणि आतली कड किंचित गरम असली, की थांबा.

आता इंजिनाबद्दल. हेड फेस केलंय का, म्हणजे दाब वाढवायला खालून घासून पातळ केलंय का?

कातळसडा

बॅटरी पुढेच आहे! उद्याच काढतो. आतलं चाक फिरतं, हो, शेवटच्या वळणाला दर फेरीत.

हेडला अजून हात लावला नाही. करावं का?

उद्यमनगर

करायचं तर हिशोबानं करा. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान ३२४.७ सीसी. ९ ला १ दाब असेल तर वर ४०.६ सीसी जागा असते. १० ला १ हवा तर ती ३६.१ व्हायला पाहिजे. म्हणजे साडेचार सीसी काढायची. चेंबर बोअरएवढा रुंद असता तरी एक मिलिमीटरला ४.३ सीसीच गेली असती, आणि चेंबर त्याहून लहान असतो. म्हणून अंदाजानं फेस करायला देऊ नका. चेंबरवर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसनं चिकटवा आणि ब्युरेटनं पातळ तेल सोडून प्रत्येक चेंबर मोजा. चारही सारखे करणं हे दाब वाढवण्याइतकंच महत्त्वाचं.

हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंग बेल्टमुळं कॅम थोडा मागं पडतो. त्याला ॲडजस्ट होणारी पुली लागते. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मुलांच्या खेळातल्या मातीनं तपासा: पिस्टनवर मातीचा थर, हेड बसवून हातानं दोन फेरे, परत खोला आणि माती कापून जाडी बघा.

पण खरं सांगू? तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये याचं उत्तर आहे. यावर्षी हेड राहू द्या.

वेगुर्ल्याचा_विद्यार्थी

नमस्कार. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजच्या संघातून पिथमपूरला बाहाला (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धेला) गेलो होतो. मित्राकडे जुनी ८०० आहे, आम्हाला ती ऑटोक्रॉससाठी (मैदानावर आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावरच्या शर्यतीसाठी) करायची आहे. हातात चाळीस हजार आहेत. गावातले ग्रिलवाले दीड इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात रोल केज (गाडी उलटल्यास चालवणाऱ्याला वाचवणारा पिंजरा) आठ हजारात करून देतो म्हणतात, पाइप आणलासुद्धा आहे. उरलेल्या पैशात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट, असा विचार आहे. बरोबर आहे का?

कातळसडा

नाही. मित्रा, तो पाइप परत कर.

रागावून लिहीत नाही, काळजीने लिहितो. जीआय पाइप पाणी वाहून न्यायला केलेला असतो, त्याच्या अंगावर लांबीभर वेल्डची शिवण असते. गाडी उलटली की तो शिवणीवर फाटू शकतो किंवा वाकून आत येऊ शकतो. वर जस्ताच्या थरावर केलेलं वेल्डिंग कमजोर पडतं आणि जस्ताचा धूर वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीला बाधतो. एफआयएच्या (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) नियमात मुख्य कमानीला कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलची नळी लागते, ४५ मिमी व्यासाची अडीच मिमी जाड किंवा ५० मिमीची दोन मिमी जाड. बाकीच्या नळ्या ३८ ला अडीच किंवा ४० ला दोन. मुख्य कमानीची नळी जिथे पत्र्याला टेकते तिथे किमान तीन मिमी जाडीची, १२० चौरस सेंमीची प्लेट. नाहीतर उलटल्यावर नळी पत्रा फाडून खाली जाते. हे सगळं कोल्हापूरला किंवा पुण्याला मिळतं, आणि नळ्यांची टोकं माशाच्या तोंडासारखी नीट कापून जोडणारा वेल्डर शोधायला वेळ दे. सीटही घरी बनवू नकोस, एफआयएचा शिक्का असलेली घे.

यातच तुझे बरेच पैसे जातील. उरतील त्यातले पहिले ब्रेक ऑइलवर घाल. कारण सांगतो.

झेनमध्ये मूळचं छोटं इंजिन होतं तेव्हा चेन्नईला, इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पहिल्यांदा गेलो. ब्रेकचे पॅड नवे, ऑइल मात्र दोन पावसाळे जुनं, डॉट ३. चौथ्या फेरीत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी पेडल दाबलं आणि ते जमिनीला टेकलं. गाडी सरळ गवतात गेली आणि थांबली. समोर काही नव्हतं म्हणून मी आज हे लिहितोय. नंतर काढलेलं ऑइल चहाच्या रंगाचं होतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ कोरं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला २३० आणि १५५. उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. आपल्या किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या हवेत चार महिने उभ्या गाडीचं ऑइल कसं राहील? पावसाळा संपला की सगळं काढून टाकायचं आणि बंद डब्यातलं नवं भरायचं. उघडा राहिलेला डबा पुढच्या वर्षी वापरायचा नाही.

वेगुर्ल्याचा_विद्यार्थी

पाइप परत केला. ग्रिलवाले काका समजूतदार निघाले, पूर्ण पैसे दिले. सीमलेस नळीची चौकशी सुरू केली आहे. ही गाडी रस्त्यावरून मैदानापर्यंत चालवत नेली तर चालेल का?

वाशिष्ठीकाठ

नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने केलेल्या मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. टेम्पोतून न्या. राष्ट्रीय दर्जाच्या स्पर्धेला उतरणार असाल तर एफएमएससीआयचं (मोटार शर्यतींच्या राष्ट्रीय संघटनेचं) लायसन्सही काढा.

फायबरवाली

मालवणला आमचा होड्यांना फायबर मारायचा व्यवसाय आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. दादा, बोनेट अजून पत्र्याचंच आहे का? आम्ही एका गाडीचं करून दिलं होतं, मूळ बारा किलोचं होतं, आमचं सहात बसलं. पत्र्याच्या बोनेटवरूनच साचा घ्यायचा. बाहेरून जेलकोट, मग मॅटचे दोन थर, आणि कडेला व मध्ये फासळ्या. होडीला असतात तशा. फासळ्या नसतील तर वेगात बोनेट फडफडतं. मूळ कुलपाच्या भरवशावर राहू नका, पुढे दोन पिना लावा.

पण आता करू नका. पाऊस जवळ आला की हवा ओली होते, रेझिनचा वरचा थर चिकटच राहतो आणि जेलकोटला फोड येतात. हार्डनर वाढवला तर रेझिन तापून तडकतं. आमच्याकडे नवं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि शिमग्यापर्यंत सगळ्यात चांगलं वाळतं. तेव्हा या, साचा आमच्या शेडमध्ये करू.

आणखी एक. पॉलिएस्टर रेझिन पेटतं. इंजिन आणि चालवणारा यांच्यामधली भिंत पत्र्याचीच राहू द्या, आणि एक्झॉस्टपासून फायबर लांब ठेवा.

कातळसडा

ताई, मनापासून आभार. दिवाळीनंतर नक्की येतो. गोव्यात सॅन स्टॉर्म बनायची, फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन असलेली दोन आसनी उघडी गाडी. लहानपणी ती एकदा पणजीला फेरीबोटीवर पाहिली होती. आपल्या किनाऱ्यावर अशी गाडी बनते, हे तेव्हापासून डोक्यात आहे.

उद्यमनगर

एक राहिलं. नवा ईसीयू तुम्ही प्रोग्रॅम केला तेव्हा पंपावर कुठलं पेट्रोल होतं? आता २० टक्के इथेनॉल आहे. साध्या पेट्रोलला हवा-इंधनाचं गुणोत्तर १४.७ लागतं, इथेनॉलला ९, मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला जुना मॅप (ईसीयूतला इंधनाचा तक्ता) असेल तर इंजिन कोरडं, म्हणजे कमी इंधनावर चालतं आणि पिस्टन तापतो. मीटरवर गुणोत्तर बघू नका, लॅम्डा बघा: इंधनाला नेमकी लागते तेवढी हवा असेल तर तो १, इंधन जास्त असेल तर त्याहून कमी. कुठलंही पेट्रोल असलं तरी तो आकडा बदलत नाही. पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८ ठेवा.

आणि टाकी रिकामी करून पावसाळ्यात ठेवा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. ऑक्टोबरात गाडीचा इंधन पंप नेमकं तेच उचलतो.

कातळसडा

मॅप जुन्या पेट्रोलवरचा आहे. लॅपटॉप लावून पूर्ण थ्रॉटलच्या नोंदी पाहिल्या, शेवटी लॅम्डा ०.९५ पर्यंत गेलाय. ही गोष्ट तुम्ही विचारली नसती तर मी अजून एक वर्ष तसाच चालवत राहिलो असतो.

आज टाकी रिकामी केली. बॅटरी मागच्या डाव्या कोपऱ्यात घेतली, केबलला रबरी नळी घातली. सील बॉक्सची सहा भोकं बुजलेली निघाली, तीन डाव्या बाजूला, तीन उजव्या. आतून वाटीभर लाल माती आली. उद्या-परवा ऊन आहे तोवर वाळवून मेण मारतो.

धक्क्यावर बोलून ठेवलंय, १ जूनला काटे रिकामे होतील. बॅटरी हलवली म्हणजे सगळं परत मोजायला लागेल. ७ तारखेला सकाळी आठपासून शेड उघडी आहे. रत्नागिरीच्या जवळपास कुणाला गाडी मोजायची असेल तर आणा, विद्यार्थी मित्रांनी तर ८०० घेऊन यावंच. टाकीत अर्धं पेट्रोल आणि चालवणाऱ्याच्या वजनाएवढ्या गोणी आपापल्या आणायच्या.

देवगडचो पानो

मी येतंय. एक पाणसळ आणि तंगूसाची नवी रीळ घेवन येतंय.